कॉलेजातलं कळलं नाही, तरी ऐकता येतं

दांडी, नवापूर, उच्छेळी, मुरबे, आलेवाडीपासून तारापूर-बोईसरपर्यंत जिथे जिथे आपला आवाज पोचतोय, तिथल्या बचत गटातल्या सगळ्या बायांना नमस्कार. हातातलं काम सोडू नका. बोंबील निवडत असाल तर निवडत राहा, भाकरी थापत असाल तर थापा. फक्त कान इकडे असू द्या.

गटाच्या बैठकीत आपण हप्त्याबद्दल बोलतो, व्याजाबद्दल बोलतो, कुणाची वसुली राहिली ते बोलतो. कुणाचा रक्तदाब वाढला, कुणाला साखर निघाली, तेही बोलतो. पण घरातलं कॉलेजला जाणारं पोर महिनाभर धड जेवत नाही, रात्री जागं असतं, कुणाशी बोलत नाही, हे बैठकीत कुणी काढत नाही. शेजारणीलाही सांगत नाही. ‘उगाच नाव होईल’ म्हणून गप्प बसतो. आज त्याच विषयावर बोलायचं आहे. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनावर येणारा ताण, त्यावर मिळणारी मदत, आणि त्यात आईचं, आजीचं, मावशीचं काम काय.

आधी आपल्या पोरांचा दिवस बघू. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पदवीपर्यंत पोचणारं हे पहिलंच पोर असतं. पहाटे उठायचं, रिक्षा नाहीतर एसटी धरून बोईसर स्टेशन गाठायचं, तिथून पालघरला, विरारला, कुणी थेट मुंबईत. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी तर हाल आणखी होते. पण आजही आपल्या बाजूला लोकल मोजक्याच. एक चुकली की पहिलं लेक्चर गेलं. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देतील का, ही धास्ती. संध्याकाळी परत यायचं, तर घरात जाळ्याचं काम, पाणी, धाकटी भावंडं. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर अचानक इंग्रजी पुस्तकापुढे बसतं. वर्गात हात वर करायला लाजतं, चुकीचं बोललो तर हसतील म्हणून.

त्यात पैशाचं बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात, हातात रोकड नसते. आणि नेमकं त्याच दिवसांत कॉलेजची फी, वह्या-पुस्तकं, रेल्वेचा पास. पोरं काही आंधळी नसतात. आईने कुणाकडून उसने आणले, कानातलं गहाण टाकलं, हे त्यांना कळतं. मग एखाद्या विषयात नापास झालं, केटी लागली, की ते फक्त त्या विषयात नापास होत नाही. आईच्या कानातल्यासमोर नापास होतं. हे ओझं किती मोठं असतं, ते पोर कधी बोलून दाखवत नाही.

आता एक आकडा सांगते. सांगताना जड वाटतं, पण माहीत असायला हवा. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालची माहिती दिली, त्यात देशभरात त्या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत आपला आकडा सर्वांत मोठा. शाळा-कॉलेज दोन्ही त्यात आले. हे ऐकून घाबरून पोराचं शिक्षण थांबवू नका. शिक्षणाने कुणी मरत नाही. या प्रत्येक घटनेमागे एकच एक कारणही नसतं. निकाल, पैसा, प्रेम, घरातली भांडणं, छळ, आजार, अशा कितीतरी गोष्टी एकावर एक चढतात. पण अशा वेळी कुणी ऐकून घेणारं जवळ असलं आणि योग्य मदत वेळेत मिळाली, तर पुष्कळ जीव वाचतात. म्हणून आज हे बोलणं.

बायांशी बोलताना एक वाक्य मी नेहमी ऐकते. “मला काय कळतंय गं कॉलेजातलं? मी सातवीपर्यंत शिकलेली. ती काय ते सेमिस्टर म्हणते, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.” खरं आहे. पण मला सांगा, पोराला ताप आला तर तुम्ही डॉक्टरकी शिकलेल्या असता का? कपाळाला हात लावता, अंग तापलंय हे ओळखता, आणि दवाखान्यात नेता. इथेही तेवढंच करायचं आहे. सेमिस्टर म्हणजे काय हे कळलं नाही तरी चालेल. पोर बदललंय हे कळलं पाहिजे. ते आईइतकं कुणाला कळणार? वारं फिरलं की खलाशी बंदरातूनच ओळखतो, तसं.

मग काय बघायचं? एक-दोन दिवस उदास वाटणं हे सगळ्यांनाच होतं. परीक्षेआधी धडधड होणं हेही साहजिक. पण दोन आठवडे झाले तरी पोर सावरत नसेल तर लक्ष द्या. झोप उडाली आहे, किंवा दिवसभर नुसतं पडून आहे. आवडीचं कालवण केलं तरी ताट तसंच सरकवतं. मैत्रिणींचे फोन घेत नाही. आधी क्रिकेट खेळायचा, नाचायचा, आता दाराबाहेर पडत नाही. सारखं डोकं दुखतं, पोटात दुखतं, डॉक्टर तपासतात आणि काही निघत नाही. कॉलेजला जातो म्हणून निघतं, आणि स्टेशनावरच बसून परत येतं. चिडचिड, रडू, किंवा अगदी दगडासारखं गप्प.

मुलग्यांचं जरा वेगळं असतं. ‘मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय’ हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे मुलगा रडत नाही. तो रागावतो, दारात उशिरा येतो, प्यायला लागतो, गाडी बेफाम चालवतो, रात्रभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. आपण म्हणतो, बिघडला. बिघडला असेलही. पण आत काही दुखत असेल का, हे एकदा विचारून बघायला काय हरकत आहे?

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे थांबायचंच नाही. ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं’, ‘आता काही अर्थ नाही’, ‘लवकरच सुटेन सगळ्यातून’, असं पोर बोललं तर ते नाटक समजू नका. आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, तर त्याच दिवशी हालचाल करायची.

अशा वेळी सरळ विचारायचं. आपल्याला भीती वाटते, की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात, की शांतपणे सरळ विचारल्याने पोराला मोकळं वाटतं. कुणीतरी आपलं दुःख ओळखलं, असं वाटतं. जवळ बसा आणि विचारा, “बाळा, तुला जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं वाटतं का?” उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, रडून गोंधळ करू नका. म्हणा, “बरं झालं तू मला सांगितलंस. आपण दोघं मिळून यातून वाट काढू.” मग त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, फवारणीची बाटली असल्या वस्तू कुलपात ठेवायच्या. आणि लगेच मदत मागायची. कुठे, ते पुढे सांगते.

आता ऐकणं म्हणजे काय, हे बोलू. आपण बाया फार बोलतो असं म्हणतात, पण ऐकणं आपल्यालाही शिकावं लागतं. समजा पोरगी संध्याकाळी आली आणि म्हणाली, “आये, मी कॉलेज सोडणार.” आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? “सोडणार? एवढे पैसे भरले ते काय समुद्रात टाकले? ती अमकीची पोर बघ, कशी पास होते!” संपलं. पोरीने दार लावून घेतलं. ती पुढे काय सांगणार होती, ते आत राहिलं. वर्गात कुणी तिच्या कपड्यांवरून बोललं असेल. लोकलमध्ये कुणी त्रास देत असेल. दोन विषय राहिले असतील. काहीतरी होतं, ते आपण ऐकलंच नाही.

त्याऐवजी असं करून बघा. हातातलं काम बाजूला ठेवा किंवा तिलाही शेजारी बसवून तेच काम करा. कधी कधी डोळ्यांत बघून बोलता येत नाही. बोंबील वलांडीवर घालताना, कोळंबी सोलताना, हात चालू असले की तोंडही सुटतं. विचारा, “काय झालं? सांग, मी ऐकते.” आणि मग खरंच ऐका. मध्ये तोडू नका. लगेच उपाय सांगू नका. ‘आमच्या वेळी तर पायात चप्पल नव्हती’ ही गोष्ट त्या दिवशी तरी काढू नका. पोरगी गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, घाई करू नका. शेवटी एवढंच म्हणा, “तुला फार जड जातंय, कळलं मला. तुझ्यापेक्षा ते कॉलेज मोठं नाही. काय करायचं ते बघू आपण.” या वाक्याला एक पैसा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. एकदा बोललं की झालं, असं नसतं. आणि पोराला घरात बोलायचं नसेल, मावशीशी, आत्याशी, ताईशी बोलायचं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. बोलतंय ना कुणाशी तरी, हे महत्त्वाचं.

पण मैत्रिणींनो, काही वेळा आपलं ऐकणं पुरत नाही. तिथे समुपदेशक लागतो. समुपदेशक म्हणजे मनाचं ऐकून घेण्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती. आपल्याला वाटतं, तिथे वेडी माणसं जातात. तसं मुळीच नाही. समुपदेशक साधारण पाऊण तास, तासभर बसून ऐकतो. प्रश्न विचारतो. ‘असं कर, तसं कर’ असा हुकूम देत नाही, तर गुंता सोडवायला मदत करतो. जाळ्याला गाठ पडली तर आपण ओढत नाही, एक एक दोरा मोकळा करतो, तसंच. तिथे बोललेलं गुप्त राहतं. जिवालाच धोका असेल तर मात्र तो घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. समुपदेशक गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाचे डॉक्टर, देतात. गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करायच्या नाहीत. रक्तदाबाची गोळी जशी डॉक्टरांना विचारून कमी करतो, तसंच हेही.

आता नंबर लिहून घ्या. कोळसा घ्या, खडू घ्या, भिंतीवर लिहा, पण लिहा. १४४१६. पुन्हा सांगते. एक, चार, चार, एक, सहा. ही ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, ती सुरू झाली. फोन फुकट आहे. दिवस असो, रात्र असो, चालू असते. मराठीत बोलता येतं. आधी शिकलेला समुपदेशक बोलतो, गरज पडली तर तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतो, आणि जवळच्या दवाखान्यात कुठे जायचं तेही सांगतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हा फोन पोरानेच करायला हवा असं नाही. आई करू शकते. ‘माझी मुलगी अशी अशी वागते, मी काय करू?’ एवढं विचारलं तरी ते मार्ग सांगतात. जिवाला आत्ताच्या आत्ता धोका असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, किंवा पोराला घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आपल्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, की मनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, नाही तर कुठे पाठवाल. आशाताईला विचारा, ती सोबत येईल. मोठा दवाखाना लागला तर ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाहेरून तपासून घरी येता येतं. दाखल व्हावंच लागतं असं नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ पासून फोनवरून समुपदेशन सुरू केलं. म्हणजे हे काही परदेशातलं फॅड नाही. आपल्या लोकलच्या टप्प्यात, आपल्या भाषेत हे काम कधीपासून चाललंय.

कुणी म्हणेल, आम्ही आधी भगताकडे जातो. श्रद्धेचं मी काही बोलत नाही. देवाला नारळ द्या, मनाला धीर येत असेल तर जा. पण त्यासाठी दवाखाना थांबवू नका. आणि कुणी पोराला मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असलं काही सांगितलं, तर तिथून उठून चालू पडा.

आणखी एक भीती असते, पोलिसांची. पोराने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचलं, तर केस होईल म्हणून काही घरं दवाखान्यातही नेत नाहीत. ऐका, २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या ११५ व्या कलमात म्हटलंय, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम. त्यामुळे लपवू नका. वेळ घालवू नका.

हे झालं घराचं आणि दवाखान्याचं. पण कॉलेजची काही जबाबदारी आहे की नाही? आहे, आणि ती आता कागदावर आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. तिचे वडील न्यायासाठी शेवटपर्यंत लढले. त्या निकालात न्यायालयाने देशभरातल्या शाळा, कॉलेज, शिकवणी वर्ग, वसतिगृहं, सगळ्यांसाठी नियम घालून दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. टेलि-मानससारखे नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावलेले हवेत. शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. पालकांसाठीही कार्यक्रम घ्यायला हवेत. पालक म्हणजे आपणच की!

त्याआधी २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही सांगितलं होतं, की प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी सेवा केंद्र असावं, तिथे ताणतणावावर मदत मिळावी. म्हणजे आपण कॉलेजात जाऊन विचारलं, “आमच्या मुलांसाठी समुपदेशक कोण? कोणत्या खोलीत बसतात? कोणत्या दिवशी?” तर आपण उपकार मागत नाही. हक्काचं विचारतोय. एकटीला भीती वाटली तर चौघी जा. गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेत कर्जाला जाताना आपण पोच घेतो, तसंच.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. दर वेळी दुखणं पोराच्या मनातून उगवलेलं नसतं. काही वेळा ते बाहेरून लादलेलं असतं. जळगावची डॉ. पायल तडवी तुम्हाला आठवत असेल. तडवी भिल्ल समाजातली मुलगी, मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने जीव दिला. वरच्या वर्गातल्या तिघी डॉक्टर जातीवरून छळत होत्या, अशी घरच्यांची तक्रार आहे, आणि त्याचा खटला कोर्टात गेला. तिची आई, आबेदा तडवी, मुलगी गेल्यावर घरात बसली नाही. त्याच वर्षी ती हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली. कॉलेजांतला जातीभेद थांबवा, दुसऱ्यांच्या पोरांवर ही वेळ येऊ देऊ नका, हे मागायला.

आपल्या पालघर जिल्ह्यातली वारली, कातकरी, मल्हार कोळी पोरं वसतिगृहात राहून शिकतात. आपल्या किनाऱ्यावरची पोरं ‘मासळीचा वास येतो’ असं ऐकून घेतात. अशा पोराला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगून भागत नाही. त्रास देणाऱ्याला थांबवावं लागतं. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे. देशभरासाठी रॅगिंगच्या तक्रारीचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-५५२२. कॉलेजात तक्रार लेखी द्या. पोराला समुपदेशन हवं, आणि त्रास देणाऱ्यावर कारवाईही हवी. दोन्ही एकदम.

तसंच पैशाचं. काही वेळा मनावरचा दगड फीच्या खिडकीपाशी हलका होतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला, की आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. कॉलेजच्या कार्यालयात विचारा, अर्जाची तारीख चुकवू नका. पोराला सांगा, “फीची काळजी मोठ्यांची. तू मदत कर, पण ओझं घेऊ नकोस.”

आता गटाचं काम. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरापलीकडे नाशिकचा पेठ तालुका. तिथल्या ४१ गावांत पुण्याच्या एका संस्थेने ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला होता. गावातल्याच, गटातल्याच बायामाणसांना शिकवलं. कुणी उदास आहे हे कसं ओळखायचं, कसं ऐकायचं, आणि जास्त दिसलं तर दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं. त्या काही डॉक्टर नव्हत्या, तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या. हे काम आपल्या गटांनाही जमण्यासारखं आहे. गावात चार घरं अशी हवीत, जिथे पोर जाऊन बसेल आणि कुणी त्याला हसणार नाही.

पण त्याला एक अट आहे, आणि ती कडक आहे. ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. नळावर नाही, बाजारात टोपली घेऊन बसल्यावर नाही, गाडीत नाही. पोरीने तुम्हाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं, तर ती पुन्हा कुणालाच सांगणार नाही. तिच्या लग्नाचं बोलणं चालू असेल तर मग विचारूच नका. गटाच्या पैशाचा हिशोब आपण पै-पैचा सांभाळतो ना? मग हे गुपितही तसंच सांभाळायचं.

आणि कधी गावात अशी वाईट घटना घडलीच, तर त्या घराला वाळीत टाकल्यासारखं करू नका. आई-बापाला ‘तुमचं लक्ष नव्हतं’ असं तोंडावर किंवा पाठीमागे म्हणू नका. कसं झालं, काय झालं, याची चर्चा पोरांसमोर करत बसू नका. मोबाईलवर फोटो फिरवू नका. जेवण घेऊन जा, जवळ बसा. आणि त्या मुलाचे जे मित्र-मैत्रिणी आहेत, त्यांच्याकडे पुढचे काही महिने जास्त लक्ष द्या. त्यांनाही आधार लागतो.

तुमच्यातल्या कुणी ‘कासव’ सिनेमा बघितला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालेला. त्यात जगणं नकोसं झालेला एक तरुण आहे, आणि त्याला आसरा देणारी एक बाई. ती त्याला खोदून खोदून विचारत नाही. जेवायला देते, राहायला जागा देते, वेळ देते. समुद्राकाठीच घडतो तो सिनेमा, कासवांच्या किनाऱ्यावर. गटाला जमलं तर एकदा पोरांसोबत बसून बघा. सिनेमा संपल्यावर काहीएक भाषण देऊ नका. चहा ठेवा. पोरं आपण होऊन बोलतील.

आणि जाता जाता तुमच्याबद्दल. दिवसभर टोपली, चूल, कंपनीतली पाळी, नवऱ्याचं पिणं, सासूचं दुखणं, आणि वरून पोराची काळजी. तुमचंही मन थकतं. १४४१६ हा नंबर फक्त कॉलेजच्या पोरांसाठी नाही, तुमच्यासाठीही आहे. आईने मदत मागितलेली पोराने बघितली, की त्यालाही मदत मागायची लाज वाटत नाही.

तर येत्या बैठकीसाठी तीन कामं. पहिलं, १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये घाला. ज्यांना घालता येत नाही त्यांना पोरांकडून घालून घ्या. त्या निमित्ताने विषयही निघेल. दुसरं, आपल्या गावातली पोरं ज्या ज्या कॉलेजांत जातात त्यांची यादी करा, आणि समुपदेशक आहेत का हे विचारणारा अर्ज तिथे द्या. तिसरं काम आज रात्रीचं. पोर घरी आलं की ‘अभ्यास झाला का’ याच्याआधी विचारा, ‘कसा गेला दिवस?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

बोला, ऐका, आणि ऐकलेलं जपा. नमस्कार.